वाढत्या अंगाचं माप

गॉलवे, आयर्लंड
२८ सप्टेंबर २०१४

शशी,

तुला आणि शकुला आशीर्वाद. बेबीला जरा जास्त, कारण हे पत्र खरं तिच्यासाठीच आहे.

फोनवर तू "अच्छा ताई, चलो, ठेवतो" म्हणून दोन मिनिटांत पळ काढतोस, म्हणून कागदावर पकडते आहे. मे महिन्यात मी आले होते तेव्हा तू मला बरगीच्या धरणावर नेलंस आणि माझी भाची पायाखाली फळी आणि डोक्यावर खोलीएवढा पतंग घेऊन पाण्यावरून सुसाट जाताना दाखवलीस. मी आत्या असून रडले. घमापुरात आपण दोघं गच्चीवरून पतंग उडवायचो, तेव्हा पतंग आपल्याला ओढून नेईल असं कधी मनातही आलं नव्हतं. इथे चाळिशी उलटल्यावर मी हाच खेळ शिकले, तेव्हा हॉस्पिटलातल्या इतर नर्सांनी मला वेड्यात काढलं होतं. आता सोळा वर्षांची पोर तेच करते आहे आणि तेही आपल्या नर्मदेवर.

पण तिला हे शिकवणारे पुंडलिक सर मला एक गोष्ट बोलले होते. बरगीला वारा चांगला सुटतो तो हिवाळ्यात, आणि पाणी गार असतं तेही हिवाळ्यात. मुलं टी-शर्टवर उतरतात आणि ओठ निळे करून बाहेर येतात. शशी, हे चालायचं नाही. गार पाणी माणसाला बुडवत नाही, आधी त्याची बोटं काढून घेतं. पतंग सोडायची कळ हाताशी असते, पण ती ओढायला बोटं लागतात.

म्हणून मी तिला रबराचा सूट पाठवणार आहे. तो पाणी बाहेर ठेवत नाही, हे आधी समजून घे. थोडं पाणी आत शिरतं, अंगाच्या उबेने कोमट होतं आणि तिथेच थांबतं. सूट सैल असेल तर ते थांबत नाही. दर हालचालीला कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. मग तो घातला काय आणि न घातला काय! घालताना तोंडात शिव्या आल्या, तरच तो मापात आहे असं आम्ही इथे म्हणतो.

शकुला सांग, बेबीची मापं तिने घ्यायची. टेप अंगाला घट्ट लावून, कपड्यावरून नाही. छाती, कंबर, नितंब, उंची, सगळं. आणि हो, पहिल्या दिवशी मीही लाजले होते. कमरेला गुंडाळलेला टॉवेल पाण्यात पाय पडेपर्यंत सोडला नव्हता. पण पाण्यात कोणी बघायला मोकळं नसतं, सगळे आपापला जीव सांभाळत असतात.

मापं लवकर पाठव.

तुझी,
हेमाताई


गोरखपुर, जबलपूर
१९ ऑक्टोबर २०१४

ती. हेमाताईस,

शशिकांतचा नमस्कार. दिवाळी चार दिवसांवर आली आहे आणि शकु चकल्यांशी झगडते आहे, त्यामुळे या पत्राला तेलाचा डाग दिसला तर तो तिचा आहे, माझा नव्हे.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं. शिव्यांचा भाग आला तेव्हा बेबी इतकी हसली की पाणी प्यायला लागलं. शकुचा चेहरा मात्र पडला. "हेमाताई तिकडं राहून काय काय शिकून राहिल्या बाप्पा! पोरीला असं चापूनचोपून घालून चारचौघांत उभी करायची काहून?" मी म्हटलं, अगं, पाण्यात कोण बघतं? ती म्हणाली, "पाण्यात नाही बघत, पण पाण्यापर्यंत चालत जावं लागते ना."

तरी तिने मापं घेतली. दार लावून, अर्धा तास. बेबीला गुदगुल्या होत होत्या, तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. ती मापं मी सोबतच्या कागदावर उतरवून पाठवतो आहे. शकुचं अक्षर तुला लागायचं नाही.

पोरगी भराभर वाढते आहे. तुला आपले अंबादास टेलर आठवतात? काही शिवायला टाकलं की तेच आपणहून म्हणायचे, "वाढत्या अंगाचं शिवतो, चिंता नको." माझी शाळेची पँट तीन वर्षं पुरायची. पहिलं वर्ष दुमडून, दुसरं बरोबर, तिसरं घोट्याच्या वर. बेबीचा शाळेचा स्वेटरही सहावीला घेतला तो नववीपर्यंत आला. असो.

तू एवढा खर्च करते आहेस, त्याचा संकोच वाटतो. पण बेबीचा चेहरा बघून नाही म्हणवत नाही.

तुझा,
शशी


गॉलवे
१२ नोव्हेंबर २०१४

शशी,

सूट निघाला. पोस्टातल्या माणसाने पार्सल उचलून "आत माणूस आहे का?" असं विचारलं.

एक बोलते, रागावू नकोस. मापं वाचून मी चमकले. मे महिन्यात बेबी काडीसारखी होती, सहा महिन्यांत इतकी भरली? पुन्हा मोजायला सांगावं असं मनात आलं होतं. पण पुन्हा पत्र, पुन्हा तीन आठवडे, आणि तोवर तुमच्याकडे थंडी पडणार. आणि या वयात मुली वाढतातही म्हणा. शकुने दार लावून अर्धा तास घेतला आहे, तर मी शंका घेणारी कोण! मापं आली तशी मागवला.

आता नीट ऐक. पहिल्यांदा पाण्यात जाऊन आली की बाहेर उभं राहून दोन्ही हात वर करायला सांग. पाठीतून, पोटऱ्यांतून भळाभळा पाणी आलं, तर सूट मोठा आहे. पाठीत, काखेत फुगा दिसला तरी मोठा आहे. तसं असेल तर लगेच कळव, महिनाभरात दुकान बदलून देतं. संकोच करू नकोस.

आणि बेबीला दुसरं सांग. पाण्यात असताना मधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघायचा. टेकत नसेल तर खेळ संपला, बाहेर यायचं. हुडहुडी भरली तर बाहेर यायचं. कोणी हसलं तरी बाहेर यायचं. वारा काठाकडून आत वाहत असेल, तर उतरायचंच नाही. बाहेर आल्यावर ओले कपडे वाऱ्यात अंगावर ठेवायचे नाहीत, आणि शेकोटीवर हात धरायचे नाहीत. कोरडं, मग गोड गरम चहा. हे सगळं तिला पाठ करायला लाव. तोंडी परीक्षा मी फोनवर घेईन.

हेमाताई


जबलपूर
१४ डिसेंबर २०१४

ती. हेमाताईस,

पार्सल पोचलं! बेबीने सूट घालून घरभर मिरवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. "दूर हो, रबराचा वास येऊन राहिला," असं शकु म्हणाली, पण बघत राहिली. तिला वाटलं होतं तसं काही ते चिकटलेलं दिसत नाही म्हणाली.

सूट अगदी बरोबर बसला. बदलायची गरज नाही.

सर ११ जानेवारीला, रविवारी, धरणावर प्रात्यक्षिक ठेवणार आहेत. मोठे अधिकारी येणार, आपल्या मराठी मंडळातलेही लोक येणार. मुलींमध्ये बेबी एकटीच आहे. माझ्या फॅक्टरीतल्या सेक्शनमधले चौघे आत्तापासून गाडी ठरवून बसलेत. तिलवाऱ्याच्या पुलाशी जिलेबी खायची आणि पुढे निघायचं, असा बेत आहे. मला मिरवायला मिळणार म्हणून मी उगाच पाय जमिनीवर नसल्यासारखा हिंडतो आहे, असं शकु म्हणते.

तोंडी परीक्षेत बेबी पास झाली. अंगठा-करंगळी तिने मला करून दाखवली.

तुझा,
शशी


जबलपूर
२२ जानेवारी २०१५

ती. हेमाताईस,

तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. माफ कर.

बेबी बरी आहे, हे आधी लिहितो. प्रात्यक्षिकाच्या दिवशी वारा मधेच पडला आणि तिचा पतंग पाण्यात बसला. बोट यायला वेळ लागला. नंतर वारा पुन्हा आला आणि तिला ओढत काठाकडे घेऊन गेला. तिथे बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत. खांद्याला मार लागला आणि अंग फार गार पडलं होतं. तीन दिवस हॉस्पिटलात ठेवलं. आता घरी आहे, जेवते.

सूटमध्ये पाणी शिरत होतं म्हणे. तू मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी नशिबाचा भाग.

शशी


गॉलवे
९ फेब्रुवारी २०१५

शशी,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते.

मनाला लावून घेऊ नकोस म्हणतोस. कसं नको? मापं बघून मला शंका आली होती. मी ती तुला लिहिली आणि तरी पुढे गेले. तीस वर्षं नर्स आहे मी. औषधाचा आकडा विचित्र दिसला, तर डॉक्टरला पुन्हा विचारल्याशिवाय सुई उचलत नाही. आणि माझ्या घरच्या पोरीच्या बाबतीत म्हटलं, चालेल, थंडी पडण्याआधी पोचू दे. सूट बसला असं तू लिहिलंस, पण तुला काय कळणार त्यातलं? तू कधी पाण्यात उतरलास? मी फोटो मागायला हवा होता. दुकानाने चुकीचा भरला असेल, शिवणीत खोट असेल, काहीही असेल, पाठवणारी मीच.

इथल्या आमच्या क्लबात नव्या लोकांना गार पाण्याबद्दल सांगायचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी जाऊन सांगितलं, दुसरं कोणी बघा. कारण विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं. मला तिथे उभं राहवेना. माझा स्वतःचा सूट माळ्यावर टाकला आहे. माझ्या तोंडाने "मापात असला पाहिजे" हे शब्द आता निघायचे नाहीत.

तू मला एका ओळीनेही बोल लावला नाहीस. त्याचीच जास्त लाज वाटते, शशी. दोन शिव्या दिल्या असत्यास, तर बरं झालं असतं. शकुला तोंड कसं दाखवू? तिला तो सूट पहिल्यापासून नको होता. बेबीला फोन करायचा धीर होत नाही. तिने "हॅलो आत्या" म्हटलं, तर मी काय बोलू?

तिच्या खांद्याचं काय झालं, तेवढं कळव.

हेमाताई


जबलपूर
२० मार्च २०१५

हेमाआत्या,

सादर नमस्कार. मी बेबी, म्हणजे नर्मदा. माझी मराठी बोलायला ठीक आहे, लिहायला खराब आहे. चुका झाल्या तर हसून घ्या.

तुमचं पत्र आईने वाचलं. ती रडली आणि मग मला दाखवलं. आत्या, तुम्ही पाण्यात जाणं सोडलं? प्लीज असं नका करू. सूट एकदम छान आहे. तुमची काहीच गलती नाही. गलती माझी आहे. मी घाबरून गेले.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. पहिले दोन राउंड छान झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हवा एकदम बंद झाली आणि पतंग पाण्यात पडला. मी वाट पाहत होते. सूटमध्ये मानेकडून पाणी येत होतं आणि पायाकडून जात होतं. आधी खूप थंडी वाजली, मग दात वाजणं बंद झालं. मला वाटलं आता ठीक आहे. तुमचा अंगठा-करंगळी केला, तो टेकत नव्हता. पण बाहेर कशी येणार, मी तर मधोमध होते. मग हवा आली आणि पतंग उठला. मी सेफ्टी ओढायला गेले, हात तिथेच होता पण ओढला जात नव्हता. सर बोटीतून ओरडत होते, "छोड़ दे, छोड़ दे!" मी सोडलं नाही. मग ती झाडं आली.

सगळे म्हणतात की मी घाबरून गेले म्हणून सोडलं नाही. बाबांनी पण घरी आलेल्या लोकांना असंच सांगितलं. तर असंच असेल. मला तर तेव्हा भीती वाटल्याचं आठवत नाही, पण आठवत नसेल. क्लबातली मुलं आता मला "डरपोक दीदी" म्हणतात, मजाकमध्ये.

सर चांगले आहेत. त्यांनी त्या दिवशी सकाळीच बाबांना म्हटलं होतं की सूट दोन साइज मोठा आहे, आज राहू द्या. बाबांनी सांगितलं की आत्याला कळवलं आहे, बदली सूट निघाला आहे, आजचा दिवस चालवून घ्या, सगळे लोक आलेत. आत्या, तो दुसरा सूट पाठवला असेल तर परत मागवून घ्या. कारण मी आता जाणार नाही. ज्याला भीती वाटते त्याने जाऊ नये, दुसऱ्यांनाही खतरा होतो. मला त्या दिवशीची खूप शरम वाटते. मला त्या झाडांतून काढताना सरांचा हात पण कापला.

खांदा ठीक आहे. तुम्ही मात्र जा पाण्यात.

तुमची,
बेबी


गॉलवे
६ एप्रिल २०१५

शशिकांत,

बेबीचं पत्र आलं. पोरीने चार पानं लिहिली आहेत, एकेक अक्षर घासून.

मी कुठलाही बदली सूट पाठवलेला नाही. तू कधी मागितलाच नाहीस. "अगदी बरोबर बसला" असं तुझ्या हातचं वाक्य माझ्यासमोर आहे. आणि शकुने टेप इतका घट्ट लावला की पोरीला गुदगुल्या झाल्या, हेही तुझ्याच हातचं आहे. शकुने घट्ट मोजलं आणि माझ्याकडे सैल पोचलं. मधे तू एकटाच आहेस.

मी विचारत नाही, सांगते आहे. तू मापं वाढवलीस. वाढत्या अंगाची केलीस. मी इतकं समजावून लिहिलं होतं, तरी.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला फोनवर झापलं असतं आणि विषय संपला असता. आपल्या घरात सगळ्यांनीच तसे कपडे घातले आहेत. पण सर थांबवत होते, तेव्हा तू खोटं बोललास, का तर लोक आले होते! मग मी इकडे दोन महिने स्वतःला खात बसले आणि तू मला खाऊ दिलंस. तेही मी सोसलं असतं. मी मोठी आहे, मला सवय आहे.

पण त्या पोरीला तू भित्री ठरवलंस. शशी, मी नर्स आहे म्हणून सांगते, नीट वाच. दात वाजायचे थांबले आणि बरं वाटायला लागलं, म्हणजे अंगातली ऊब संपत आली होती. तिचे हात गोठले होते. तिने कळ ओढली नाही असं नाही, तिला ती ओढता येणं शक्य नव्हतं. त्या अवस्थेतही तिने अंगठा करंगळीला लावून बघितला. मोठी माणसं तिथे किंचाळतात. असल्या पोरीला क्लबात "डरपोक" म्हणतात आणि ती ते मानून बसली आहे, कारण तिच्या बापाने तसं सांगितलं.

मला माफी नको आहे. मला पत्रही नको. तू तिच्यासमोर बस आणि सांग. मी सांगू शकते, एका फोनचं काम आहे. पण मी सांगितलं तर तिला वाटेल की आत्या समजूत घालते आहे. हे तिच्या कानांनी तुझ्याच तोंडून ऐकायला हवं.

हेमलता


जबलपूर
२६ एप्रिल २०१५, रविवार

ताई,

पत्र नको म्हणालीस, तरी लिहितो. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे.

तुझं पत्र मी फॅक्टरीत, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा उघडलाच नाही. आठ दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. शकुने शर्ट धुवायला मागितला, तर मी दिला नाही.

मापं मी वाढवली. शकुचा कागद समोर ठेवून एकेका आकड्यात भर घालत गेलो, आणि पेन एकदाही अडलं नाही. स्वतःला सांगितलं की ताईला दोन वर्षांनी पुन्हा खर्चात कशाला पाडायचं, पोर वाढती आहे. तुझं पत्र आल्यावरसुद्धा मी हेच कारण धरून बसलो होतो, कारण ते सांगायला सोपं आहे. कोणी ऐकलं तर हसून सोडून देईल.

पण खरं कारण ते नाही. ते अजून शकुलाही ठाऊक नाही. गेल्या सप्टेंबरात, तुझं पहिलं पत्र यायच्या आधी, सरांनी बेबीला एक दिवस बाहेरगावाहून आलेल्या एका मुलीचा सूट घालायला दिला होता. तो तिला चोख बसला होता. मी धरणावर होतो आणि माझ्याबरोबर सेक्शनमधला भाऊराव होता, सहज फिरायला आलेला. बेबी पाण्याकडे चालत गेली. भाऊराव बघत राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लड़की बड़ी हो गई, भैया." बस एवढंच. त्यात वाईट काही होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. पण मी बेबीला हाक मारून परत बोलावलं आणि गाडीत बसवलं. माझ्या पोटात दुखतं म्हणून सांगितलं. ती पाण्यात न जाताच घरी आली.

राग यायला हवा होता तो भाऊरावचा. मला लाज वाटली ती माझ्या पोरीची. तिच्या अंगाची. ज्या अंगाला मी लहानपणी तेल लावलं, त्याची. मापं वाढवताना माझ्या डोळ्यांसमोर तोच दिवस होता. सूट घरी आला, पाठीत फुगा दिसला, धरणावर हात वर केल्यावर पोटऱ्यांतून पाणी आलं. तू लिहिलं होतंस तसंच सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि मला बरं वाटलं. आता चार लोकांत उभी राहिली तरी चालेल, असं वाटलं. सरांशी खोटं बोललो तेही त्यासाठीच. लोक जमले होते आणि ती सैल कपड्यात होती, मला दोन्ही हवं होतं.

हॉस्पिटलातून आल्यावर भाऊराव घरी आला. "बच्ची घबरा गई थी क्या?" त्याने आपणहून मला वाट काढून दिली आणि मी ती धरली. "हां जी, बच्ची है, डर गई." आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बेबी ऐकत होती, हे मला माहीत होतं.

आज सकाळी शकु गच्चीवर गव्हाला ऊन दाखवत होती. बेबी खाली एकटीच होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. मापांचं, सरांचं, तुझ्या दोन महिन्यांचं, आणि भाऊरावचं ते वाक्यही. ते सांगताना माझी मान वर होत नव्हती. ती ओरडेल, उठून जाईल, निदान रडेल, असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारी करून बसलो होतो.

तिने अंगठा करंगळीला टेकवून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे बाबा, मी घाबरले नव्हते?"

मी म्हटलं, "नाही. तुझे हात गोठले होते. आत्याने लिहिलं आहे." तुझं पत्र खिशातून काढून तिच्या हातात दिलं. तिने तो भाग वाचला, पुन्हा वाचला, आणि मग रडली. पण ताई, ते रडणं माझ्यावरचं नव्हतं. जीव हलका झाल्यासारखी रडत होती. तीन महिने पोर स्वतःला भित्री समजून माझ्या ताटासमोर बसून जेवत होती, आणि मी तिला भाजी वाढत होतो.

मी क्षमा मागितली. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "तुम्ही हे भाऊराव काकांना सांगाल?"

मी म्हटलं, "काय सांगू?"

"सगळं. मी डरपोक नाही ते. आणि काहून झालं ते."

ताई, तुला लिहिताना मला कष्ट पडले, तिला सांगताना त्याहून जास्त. पण हा प्रश्न त्या दोन्हींहून जड होता. तुमच्यासमोर मी लहान झालो तरी तुम्ही माझ्या आहात. भाऊराव माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याने आणि सेक्शनमधल्या बाकीच्यांनी काय म्हणावं, यासाठीच तर मी पोरीचा जीव पाण्यात घातला. मी तिला हो म्हटलं. तिने विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही. उठून आईला मदत करायला गच्चीवर गेली.

हे पत्र मी आज पेटीत टाकत नाही. उद्या सोमवार आहे. फॅक्टरीत जाऊन भाऊरावला सगळ्यांच्या देखत सांगेन आणि परत येताना टाकेन. सांगायचा धीर झाला नाही, तर फाडून टाकेन आणि तुला पुन्हा कधी लिहिणार नाही.

तुझ्या हातात हे पडलं असेल, तर मी सांगितलं आहे.

शशी